एका ब्रॅकेटपासून सुरुवात: इंजिनिअरिंग ड्रॉइंग आणि कॅड शिकण्याची वाट

तालुक्याच्या गावीसुद्धा आता ‘ऑटोकॅड शिका’ असे फलक दिसतात. ऑटोकॅड हे कॅडचे, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग काढायचे, सॉफ्टवेअर. मुले फी भरतात, वहीत कमांड उतरवून घेतात, सर्टिफिकेट मिळवतात. पुढे एखाद्या वर्कशॉपमध्ये मुलाखतीला गेल्यावर समोर लोखंडी जॉब (बनवायची वस्तू) आणि कोरा कागद ठेवला जातो, ‘याचे तीन व्ह्यू काढ’ असे सांगितले जाते आणि हात थबकतो. सॉफ्टवेअर रेषा काढून देते, पण कोणती रेषा कुठे हवी हे ते सांगत नाही. ते काम डोळ्यांचे आहे आणि डोळे पेन्सिलीने तयार होतात. म्हणून या लेखात आधी कागद आहे, संगणक नंतर.

एक गैरसमज सुरुवातीलाच दूर करतो. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या नसतील, चित्रकला यथातथा असेल, तरी काही बिघडत नाही. इथे चित्र सुंदर दिसायची गरज नाही. ज्या माणसाला तुम्ही कधी भेटणार नाही, त्याने तुमचा कागद पाहून कुणालाही फोन न करता नेमकी वस्तू बनवावी, एवढीच अपेक्षा आहे. पुढचा प्रत्येक नियम याच एका गरजेतून आला आहे.

लागणारे साहित्य

ए३ आकाराचे कागद (२९७ × ४२० मिमी), ड्रॉइंग बोर्ड, मिनी ड्राफ्टर किंवा दोन सेट स्क्वेअर, चांगला कंपास, खोडरबर आणि बारीक मापे मोजायचा १५० मिमीचा व्हर्नियर. पेन्सिली तीन: बारीक रेषांना २एच, बाह्यरेषांना एच आणि अक्षरे व हातस्केच यांसाठी एचबी. टोक पॉलिश पेपरवर घासून अणकुचीदार ठेवा. बोथट पेन्सिलीची रेषा सहज अर्धा मिमी जाड होते आणि मग मापे कोणत्या कडेपासून मोजायची तेच कळत नाही.

आणखी एक गोष्ट जवळ असावी: भारतीय मानक ब्युरोचे ‘एसपी ४६’ हे पुस्तक. शाळा-कॉलेजांतल्या इंजिनिअरिंग ड्रॉइंगचे भारतीय नियम त्यात एकत्र आहेत. कोणत्याही क्लासच्या नोट्सपेक्षा शंका तिथे तपासा.

आपला जॉब

पूर्ण लेखात एकच वस्तू घेऊ: एल आकाराचा ब्रॅकेट. आडवी प्लेट ८० मिमी लांब, ५० मिमी रुंद, १० मिमी जाड. तिच्या डाव्या टोकाला उभी प्लेट, तीही १० मिमी जाड. तळापासून एकूण उंची ६० मिमी. आडव्या प्लेटच्या मोकळ्या टोकाचे दोन्ही कोपरे १० मिमी त्रिज्येने गोल केलेले आणि त्या गोलाईच्याच केंद्रांवर ९ मिमीची दोन आरपार छिद्रे. उभ्या प्लेटमध्ये रुंदीच्या बरोबर मध्यावर, तळापासून ३८ मिमी उंचीवर, १६ मिमीचे एक छिद्र.

छिद्र ९ मिमीचे का, याचाही विचार करा. त्यातून एम८ बोल्ट जायचा आहे आणि त्याला थोडी मोकळीक हवी. १६ मिमीच्या छिद्रात बुश (धातूची छोटी नळी) बसणार आहे. वस्तू कशासाठी आहे हे ठाऊक असले की कोणते माप महत्त्वाचे आणि कोणते ढोबळ चालेल हे आपोआप समजते.

असा ब्रॅकेट हाताशी नसेल तर कपड्यांच्या साबणाची वडी सुरीने कापून तयार करा. त्या आकारात माप नेमके नसले तरी चालेल. वस्तू हातात घेऊन फिरवता आली पाहिजे.

पायरी पहिली: तीन व्ह्यू डोळ्यांत बसवणे

बहुतेक विद्यार्थी अडखळतात ते इथेच. त्यामुळे इथे वेळ घालवायला कंजुषी करू नका.

वस्तू डोळ्यांसमोर धरा. समोरून दिसते ते फ्रंट व्ह्यू, वरून दिसते ते टॉप व्ह्यू, डावीकडून दिसते ते लेफ्ट साइड व्ह्यू. प्रत्येक व्ह्यूमध्ये नजर सरळ, समांतर. लांबचे लहान दिसणे वगैरे प्रकार इथे नाही. ही पद्धत शास्त्रशुद्ध केली ती गास्पार मोंज या फ्रेंच गणितज्ञाने. अठराव्या शतकात किल्ल्यांच्या तटबंदीच्या आखणीसाठी त्याने ती वापरली, फ्रेंच लष्कराने ती बराच काळ गुप्त ठेवली आणि १७९५ मध्ये त्याने पॅरिसला त्यावर उघड व्याख्याने दिली.

आता व्ह्यू कागदावर कुठे ठेवायचे? भारतात फर्स्ट अँगल पद्धत चालते: टॉप व्ह्यू फ्रंटच्या खाली आणि डावीकडून दिसणारा व्ह्यू उजवीकडे. हे उलटे वाटते आणि म्हणून मुले ते पाठ करतात. पाठ करू नका, वस्तू कागदावर लोळवा. ब्रॅकेट कागदावर असा आडवा ठेवा की त्याची पुढची बाजू छताकडे आणि वरची बाजू तुमच्यापासून लांब असेल. आता दिसतो तो फ्रंट व्ह्यू. तो उजवीकडे लोळवला की डावी बाजू वर येते: हाच उजवीकडे काढायचा लेफ्ट व्ह्यू. परत मूळ जागी आणून स्वतःकडे लोळवला की वरची बाजू छताकडे येते: हाच खाली काढायचा टॉप व्ह्यू. आठ-दहा वस्तू अशा लोळवल्या की पाठांतराची गरज राहत नाही.

अमेरिकेतून येणारी ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये असतात. तिथे टॉप व्ह्यू वर, डावा व्ह्यू डावीकडे. भोसरी, अंबड, वाळूज, गोकुळ शिरगाव अशा एमआयडीसींमधल्या परदेशी ग्राहकांचे काम करणाऱ्या वर्कशॉपमध्ये दोन्ही प्रकारचे कागद येऊ शकतात. टायटल ब्लॉकमध्ये, म्हणजे कागदाच्या कोपऱ्यातल्या माहितीच्या चौकटीत, निमुळत्या शंकूचे छोटे चिन्ह असते, ते आधी पाहा. चिन्ह न पाहता कागद वाचला, तर एका बाजूचे छिद्र दुसऱ्या बाजूला पडते आणि आरशातला ब्रॅकेट तयार होतो. तसा जॉब थेट भंगारात जातो.

पायरी दुसरी: मोजणे आणि हातस्केच

स्केल न वापरता, साध्या वहीत, तिन्ही व्ह्यू हाताने काढा. प्रमाण अंदाजे चालेल. आधी सगळ्या माप-रेषा काढून घ्या, आकडे रिकामे ठेवा. मग व्हर्नियर घेऊन एकेक जागा भरा. यामुळे एकही माप राहून जात नाही.

छिद्रांमधले अंतर मोजायची युक्ती शिकून घ्या, कारण केंद्राला व्हर्नियर लावता येत नाही. सारख्या आकाराची दोन छिद्रे असतील तर त्यांच्या आतल्या कडांमधले अंतर मोजा आणि त्यात एक व्यास मिळवा. आपल्या ब्रॅकेटमध्ये कडांमधले अंतर २१ मिमी येईल, त्यात ९ मिळवले की केंद्रांतले अंतर ३०. उभ्या छिद्राचे तसेच: तळापासून छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत ३०, अधिक त्रिज्या ८, म्हणजे ३८.

पायरी तिसरी: शीटवर काढणे

ए३ शीट आडवी बसवा. डावीकडे २० मिमी, बाकी तिन्ही बाजूंना १० मिमी समास सोडा. उजव्या खालच्या कोपऱ्यात टायटल ब्लॉक. ब्रॅकेट पूर्ण आकारात, म्हणजे १:१ प्रमाणात काढा. फ्रंट ८० × ६०, त्याच्या खाली ४० मिमी सोडून टॉप ८० × ५०, उजवीकडे ४० मिमी सोडून साइड ५० × ६०. मधली जागा मापांसाठी लागते. ती कमी ठेवली तर पुढे आकडे एकमेकांवर चढतात.

तिन्ही व्ह्यू एकाच वेळी पुढे न्या. एक पूर्ण करून मग दुसरा घेऊ नका. फ्रंटची प्रत्येक उभी कड खाली टॉपमध्ये उतरते, प्रत्येक आडवी कड उजवीकडे साइडमध्ये जाते. टॉपमधली रुंदी साइडमध्ये नेण्यासाठी कोपऱ्यात ४५ अंशांची रेषा मारा आणि तिच्यावरून वळवा. हे सगळे २एचने अगदी फिके.

आता कोणत्या व्ह्यूमध्ये काय दिसेल ते पाहू. फ्रंटमध्ये एल आकार. त्यात पायाच्या छिद्रांच्या तुटक उभ्या रेषा आणि उभ्या प्लेटच्या छिद्राच्या तुटक आडव्या रेषा. पायाची दोन्ही छिद्रे एकामागे एक असल्यामुळे रेषांची एकच जोडी येते. टॉपमध्ये आयत, उजवे कोपरे गोल, दोन वर्तुळे, डाव्या कडेपासून १० मिमीवर उभ्या प्लेटची कड आणि त्या प्लेटमधल्या छिद्राच्या दोन तुटक रेषा. डावीकडून पाहताना उभी प्लेट पुढे येते, म्हणून साइडमध्ये ५० × ६० चा आयत, त्यात १६ मिमीचे वर्तुळ आणि तळापासून १० मिमीवर एक तुटक रेषा, कारण आडव्या प्लेटचा पृष्ठभाग मागे लपला आहे. तिच्याखाली पायाच्या दोन छिद्रांच्या तुटक उभ्या रेषाही येतात. १० मिमीवरची तुटक रेषा नवशिक्यांकडून हमखास राहते. गोल कोपऱ्यांमुळे फ्रंटमध्ये एकही रेषा वाढत नाही: सपाट भाग वळणात विनाखंड मिसळतो, तिथे कड नसते.

सगळे जुळले की एचने पक्के करा. दिसणाऱ्या कडा जाड आणि सलग. लपलेल्या कडा तुटक. केंद्ररेषा बारीक, लांब-आखूड अशी साखळी. माप-रेषा, वाढवलेल्या रेषा आणि हॅचिंग (कापलेल्या भागावरच्या तिरक्या रेषा) बारीक सलग. जाड आणि बारीक यांत साधारण २:१ असा फरक हवा. चार हात लांब धरलेल्या शीटवरही वस्तू ठळक आणि मापे मागे दिसली, तर शीट जमली.

पायरी चौथी: मापे देणे

माझ्या मते ड्रॉइंगमधली खरी हुशारी व्ह्यूंपेक्षा मापांत दिसते. व्ह्यू वस्तू कशी दिसते ते सांगतात, मापे ती कशी बनवायची ते सांगतात.

माप मिलिमीटरमध्येच द्या, प्रत्येक आकड्यापुढे ‘मिमी’ लिहू नका. एक माप एकदाच. टॉपमध्ये ५० लिहिले तर साइडमध्ये पुन्हा नको, कारण उद्या बदल झाला की एका जागी बदलेल, दुसऱ्या जागी राहील. जिथे आकार खरा दिसतो तिथेच माप द्या: छिद्राचे माप वर्तुळ दिसते त्या व्ह्यूमध्ये, तुटक रेषेवर नाही. त्यामुळे ‘२ × ⌀९ आरपार’ टॉपमध्ये येईल आणि ⌀१६ साइडमध्ये. १० मिमी जाडीची दोन्ही मापे फ्रंटमध्ये, कारण एल आकार तिथे आहे.

मापे एका पक्क्या कडेपासून द्या. पायाची छिद्रे डाव्या कडेपासून ७० वर. आता ७०, पुढचे १० आणि एकूण ८० अशी तिन्ही मापे एका ओळीत देऊ नका. प्रत्यक्ष कामात प्रत्येक मापात थोडा फरक पडतो, मग तिन्ही एकाच वेळी बरोबर येणे अवघड. एक मोकळे सोडायचे. ७० आणि ८० द्या. गोलाईचे माप त्रिज्या १० म्हणून आलेलेच आहे.

फरक किती चालेल हेही कागदावर हवे. ढोबळ मापांसाठी टायटल ब्लॉकमध्ये ‘आयएसओ २७६८-एम’ एवढे लिहिले की पुरते. त्यात ६ ते ३० मिमीच्या मापाला ±०.२ आणि ३० ते १२० च्या मापाला ±०.३ मिळते. बुशच्या छिद्राला मात्र एवढी सूट देऊन चालणार नाही. तिथे ‘⌀१६ एच७’ लिहा, म्हणजे छिद्र १६.००० ते १६.०१८ मध्येच हवे. अशी बारीक सूट जिथे गरज आहे तिथेच द्या. सगळीकडे दिली तर मशीनिंगचा खर्च उगाच वाढतो.

सेक्शनबद्दल थोडक्यात: वस्तूच्या आत गुंतागुंत असेल तर ती कापल्यासारखी दाखवतात आणि कापलेल्या धातूवर ४५ अंशांत हॅचिंग करतात. शाफ्ट, बोल्ट आणि रिब लांबीच्या दिशेने कापले गेले तरी त्यांच्यावर हॅचिंग करत नाहीत. या ब्रॅकेटला सेक्शनची गरज नाही. आयसोमेट्रिकही हवाच असे नाही, पण सराव म्हणून काढा: ३० अंशांचे दोन अक्ष आणि एक उभा, मापे आहेत तशी. वर्तुळ तिथे लंबगोल होते.

पायरी पाचवी: आता संगणक

एक महिना हाताने पंधरा-वीस शीट झाल्यावर इकडे या. १९६३ मध्ये एमआयटीत आयव्हन सदरलँडने प्रकाश-लेखणीने पडद्यावर रेषा काढून दाखवल्या आणि १९८२ मध्ये ऑटोकॅडमुळे ते काम साध्या संगणकावर आले. आज ऑटोकॅडचा परवाना महाग आहे, पण विद्यार्थ्यांना कॉलेजचा पुरावा दिल्यावर तो फुकट मिळतो. विद्यार्थी नसाल तर लिब्रेकॅड घ्या. ते फुकट, हलके आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालते. त्रिमितीसाठी फ्रीकॅड आहे, तेही फुकट. चोरीचे सॉफ्टवेअर टाकू नका. त्याची गरजच उरलेली नाही.

सुरुवातीला तीन गोष्टी ठरवा. एकक मिलिमीटर: ऑटोकॅडमध्ये इंचांचा नव्हे तर मेट्रिक टेम्पलेट उघडा. दुसरे लेअर: बाह्यरेषा ०.५ मिमी, लपलेल्या रेषा, केंद्ररेषा आणि मापे ०.२५ मिमी, प्रत्येकाला वेगळा रंग. तिसरे ऑब्जेक्ट स्नॅप: टोक, मध्य, केंद्र आणि छेदनबिंदू एवढेच चालू ठेवा. सगळे चालू केले की कर्सर नको तिथे चिकटतो.

आणि एक नियम: संगणकात वस्तू नेहमी खऱ्या मापात काढायची. इमारत असो की स्क्रू, मॉडेलमध्ये १:१. लहान-मोठे करायचे ते छापताना.

आता फ्रंट. लाइन कमांड घ्या, सुरुवात ०,० वर. मग एकामागे एक टाइप करा: @८०,० नंतर @०,१० नंतर @-७०,० नंतर @०,५० नंतर @-१०,० आणि शेवटी क्लोज. ‘@’ म्हणजे मागच्या बिंदूपासून. एल आकार तयार झाला. माउसने अंदाजे बिंदू टाकायची सवय लावून घेऊ नका. आकडा टाइप करा किंवा स्नॅपने पकडा, तिसरा मार्ग नाही.

टॉप: ०,-९० पासून ८० × ५० चा आयत. उजव्या दोन कोपऱ्यांना फिलेट (गोलाई), त्रिज्या १०. वर्तुळांची केंद्रे ७०,-८० आणि ७०,-५० वर. सर्कल कमांड आधी त्रिज्या विचारते हे लक्षात ठेवा: ९ टाकले तर १८ मिमीचे छिद्र होईल. ४.५ टाका किंवा व्यासाचा पर्याय निवडून ९ द्या. उभ्या प्लेटची कड डाव्या बाजूपासून १० मिमी ऑफसेटने मिळते. मात्र आयत एकसंध असेल तर आधी एक्सप्लोड करा, नाहीतर पूर्ण आयतच आत सरकलेला मिळेल.

साइड: १२०,० पासून ५० × ६० चा आयत आणि १४५,३८ वर ८ त्रिज्येचे वर्तुळ. लपलेल्या रेषा त्यांच्या लेअरवर. एफ८ दाबून ऑर्थो चालू ठेवला की रेषा तिरकी जात नाही. तुटक रेषा सलग दिसली तर घाबरू नका, एलटीस्केलचा, म्हणजे तुटक रेषांच्या प्रमाणाचा, आकडा बदलून पाहा.

मापे सॉफ्टवेअरच्या डायमेन्शननेच द्या आणि आलेला आकडा हाताने बदलू नका. ७० हवे तिथे ६८ आले तर रेषा दुरुस्त करा. आकड्यावर ७० टाइप केले तर कागद बरोबर दिसेल, पण लेझर कटिंगवाल्याला तुम्ही डीएक्सएफ फाइल (रेषांची कॅड फाइल) पाठवता तेव्हा मशीन आकडा वाचत नाही, रेषा कापते. याच कारणासाठी एकावर एक पडलेल्या दुहेरी रेषाही काढून टाका, नाहीतर मशीन तीच कड दोनदा कापते. ऑटोकॅडमध्ये ओव्हरकिल कमांड हे काम करते.

शेवटी लेआउटमध्ये (छापायच्या पानावर) ए३ शीट, बॉर्डर, टायटल ब्लॉक. व्ह्यूपोर्टचे, म्हणजे मॉडेल दाखवणाऱ्या खिडकीचे, प्रमाण १:१ ठेवून ते कुलूपबंद करा. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद ठेवा. ए३ ची शीट ए४ वर बसवली की सगळे सुमारे ७१ टक्के होते. घरी ए४ वरच छापायचे असेल तर टायटल ब्लॉकमध्ये ‘प्रिंटवरून माप घेऊ नये’ असे लिहा. एरवी छापल्यावर ८० ची रेषा स्केलने मोजून बघाच.

पुढचा सराव

छापलेली शीट ओळखीतल्या एखाद्या फिटर किंवा टर्नरला द्या आणि स्वतः गप्प बसा. तो जे विचारेल ते लिहून घ्या: ‘हे कोपऱ्यापासून किती?’, ‘आरपार आहे का?’, ‘मटेरियल काय?’ तो प्रत्येक प्रश्न म्हणजे कागदावर राहिलेली एक गोष्ट. दुरुस्ती करा, टायटल ब्लॉकमध्ये रिव्हिजन क्रमांक वाढवा, तारीख टाका आणि जुनी फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा, म्हणजे चुकून तीच पुन्हा छापली जाणार नाही.

त्यानंतर घ्यायच्या वस्तू याच क्रमाने: फ्लँज (बोल्टच्या छिद्रांची गोल चकती), कारण त्यात गोलाकार अ‍ॅरे आणि पीसीडी, म्हणजे छिद्रांची केंद्रे ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, येते. व्ही-पुली, कारण तिला सेक्शनशिवाय पर्याय नाही. मग प्लमर ब्लॉक (फिरत्या शाफ्टचा आधार), ज्यात सुटे भाग, असेंब्ली आणि पार्ट लिस्ट एकत्र शिकता येतात. मध्ये-मध्ये उलटा सराव ठेवा: दोन व्ह्यू दिलेले असताना तिसरा हाताने काढा. प्लमर ब्लॉक झाल्यावर हाच एल ब्रॅकेट फ्रीकॅडमध्ये त्रिमितीत उभा करा. तिथे व्ह्यू आपोआप मिळतील, पण ७० द्यायचे की १०, आणि एच७ कुठे लिहायचे, हे तिथेही तुम्हालाच ठरवावे लागेल.